विहीणबाईंच्या पूर्वजांच्या शोधात: बॉस्टन ते प्लिमथ

आमचा जावई अमेरिकन. इंग्लंडहून वसाहतकऱ्यांना अमेरिकेत आणणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावरून आलेला जॉन हाउलंड आपला मूळपुरुष, असं त्यांच्या घरात सांगत आलेत. विहीणबाईंना ते कागदावर बघायचं होतं, म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघी निघालो.

१६२० साली भर वादळात हा हाउलंड जहाजावरून समुद्रात पडला आणि शिडाचा लोंबता दोर हाती लागला म्हणून वाचला. पुढे एलिझाबेथ टिलीशी लग्न, दहा मुलं. इतकी प्रसिद्ध गोष्ट म्हटल्यावर सगळे तिथूनच खाली उतरू पाहतात. तसं करू नका. स्वतःपासून वर चढा. पहिल्या पाच पिढ्या मेफ्लॉवर सोसायटीच्या, म्हणजे त्या जहाजावरच्या लोकांच्या वंशजांच्या संस्थेच्या, रुपेरी वंशावळ-पुस्तकांत मिळतात. खरं अडतं ते १७८० ते १८५० मध्ये, कारण १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. इंटरनेटवरच्या एका वंशावळीत तर एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एक करून टाकले होते. आमचे दोन महिने त्यात गेले.

बॉस्टनला न्यूबरी स्ट्रीटवर १८४५ पासूनच्या वंशावळ संस्थेचं ग्रंथालय आहे. तिथे आधी जा, मग हाउलंड जिथे राहिला त्या प्लिमथ गावाला. तारखा जशाच्या तशा उतरवा: हाउलंडचा मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२/७३ असा लिहितात, कारण १७५२ पर्यंत तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं; म्हणजे जुन्या मोजणीने १६७२, आताच्या मोजणीने १६७३.

प्लिमथच्या बरियल हिल या जुन्या दफनभूमीत सकाळी लवकर जा. तिरपं ऊन पडलं की काळ्या पाटीच्या दगडांवरची पंखवाली कवटी आणि खालची अक्षरं वर येतात. खडू किंवा पीठ चोळू नका, दगड झिजतो.

आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत लेकी गळतात, तसंच इथेही. त्या सापडतात मृत्युपत्रांत आणि खरेदीखतांत. एलिझाबेथच्या मृत्युपत्रातच लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ अशा मुली सासरच्या आडनावांनी आहेत. जमिनीचं काउंटी (जिल्हा) दफ्तर प्लिमथमध्येच आहे. तिथे तिसऱ्या दिवशी एका खतात ‘माझी मुलगी’ आणि पुढे जावयाचं नाव, एकाच ओळीत मिळालं. विहीणबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मी आधी खंड आणि पान क्रमांक लिहून घेतला, तुम्हीही घ्या.

अजून एक पिढी जुळायची आहे. तिच्यासाठी आता बॉस्टनच्या राज्य अभिलेखागारात जायचंय.