फोटोत पोट दिसतं म्हणे

ताई काल फोनवर सहज म्हणाली, "वजन वाढलंय गं तुझं, फोटोत कळतं. जरा स्वतःकडेही बघत जा." मनात काही ठेवून नाही बोलली, मला माहितीये. तरी रात्रभर तेच डोक्यात. दर दोन तासांनी आईंना कूस बदलून द्यायला उठायचं असतं, त्यामुळे झोपून विसरायचीही सोय नाही.

बघू कधी? थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, मग निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, आणि नेमकं त्याच वेळेला आईंचं डायपर, स्पंजिंग, शुगर बघून इन्सुलिन, आणि जागरणानंतर मला चहाशिवाय उभं राहवत नाही. मग गोळी राहते. आईंचा गोळ्यांचा डबा मात्र सकाळ-दुपार-रात्र चोख भरलेला. जेवणाचंही तेच, त्यांना मऊ भात भरवेपर्यंत माझं ताट गार, मग ओट्याशी उभ्यानेच दोन घास आणि दुपारी भूक लागली की टोस्ट, फरसाण, जे हाताला लागेल ते. मावशी येतात त्या वेळात चालून यावं म्हणते, पण तेवढ्यातच बँक, मेडिकल, भाजी. वजन वाढणार नाही तर काय होईल?

तिला पोट दिसलं. रात्र कोणाला दिसते.

दुपारी आई झोपल्यावर मोबाईलवर वाचत बसले. अमेरिकेत १९९९ साली शुल्झ आणि बीच यांचा अभ्यास आला होता, ६६ ते ९६ वयाच्या नवरा-बायकोंवर. जोडीदाराचं करताना ज्यांना ताण होत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. मी काही त्या वयाची नाही, तरी पोटात गोळा आला. मग परत नीट वाचलं. जे करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तसा फरक दिसला नव्हता. म्हणजे आईंचं करण्याने नाही होत हे. हे वाचून किती बरं वाटलं सांगू, कारण त्यांचं करायला नको असं मला कधी वाटलेलंच नाही. परवा वेणी घातल्यावर त्यांनी डाव्या हाताने माझा गाल धरला होता... असो.

ताण कुठे कमी होईल तेवढं बघायचं. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गोळी रात्री घ्या, जेवणानंतर तीन तास गेले की चालते, फक्त रोज तीच वेळ ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करा. बाराला मी आईंसाठी उठतेच! एवढं साधं होतं, आणि मी सकाळशी झगडत बसले होते.

चालायचं मात्र रोज जमणार नाही, ते आता मी मान्य केलंय. रविवारी नवरा घरी असतो, तेव्हा तासभर जाईन. त्याआधी त्याला इन्सुलिनचं पेन लावायला शिकवायचंय, सुई बघितली की अजून तोंड फिरवतो.