बोअर किती पाणी पितो, ते आधी मोजा

गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं ठरलं की बहुतेक सोसायट्या थेट फिल्टरचे दर मागवतात. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत आम्ही आधी बोअरची चाचणी घेतली. पुढची सगळी मापं तिच्यावरूनच ठरली.

नाशिकखाली बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे थर आहेत. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि या पाषाणातल्या भेगांत. भेग लागलेला बोअर भरपूर पाणी घेतो, तर त्याच आवारातला दुसरा काहीच घेत नाही. वरून पाहून हे कळत नाही.

चाचणीसाठी पंप बंद ठेवून, दोरीला वजन बांधून पातळी मोजली. मग टँकरचं पाणी सोडलं. इथे बहुतेकांची फसगत होते. सहा इंची बोअरच्या एका मीटरमध्ये साधारण १८ लिटर पाणी मावतं. पातळी ५० मीटर खोल असेल तर पहिले ९०० लिटर नुसता बोअर भरण्यातच जातात. ‘हजार लिटर लगेच गेलं’ म्हणजे ते जमिनीत मुरलं, असं होत नाही. पातळी जमिनीखाली तीन-चार मीटरवर आली की व्हॉल्व्ह कमी-जास्त करून ती तिथेच स्थिर ठेवायची आणि त्या धारेखाली बादली धरायची. आमची २० लिटरची बादली १४-१५ सेकंदांत भरत होती, म्हणजे तासाला सुमारे ५,००० लिटर.

आता गच्ची. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आमची गच्ची ४०० चौरस मीटर. १५ टक्के वाया जातं असं धरलं आणि हंगामाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर २ लाख ३८ हजार लिटर होतात. पण खरी अडचण जोराच्या सरीची. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ८,५०० लिटर येणार आणि बोअर घेणार ५,०००. उरलेल्या ३,५०० लिटरसाठी २ × १.५ × १.५ मीटरची टाकी बांधली. तिच्यात दगड भरू नका. दगड भरले की जेमतेम चाळीस टक्के जागा पाण्याला उरते. रिकामी टाकी ४,५०० लिटर घेते आणि गाळही तळाला बसतो. टाकी भरली की जादा पाणी पावसाळी गटारात.

टाकीनंतर दीड चौरस मीटरचा फिल्टर: तळाला ४० मिलिमीटरचे दगड, त्यावर २० आणि मग १० मिलिमीटरची खडी, नायलॉनची जाळी, सगळ्यात वर जाड वाळू. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरत असाल तर निवळ पाणी येईपर्यंत धुवा, नाहीतर तिची बारीक भुकटीच भेगांत जाऊन बसते. भेगा एकदा बुजल्या की बोअर परत मोकळा करणं फार कठीण, म्हणून पाणी थोडं कमी गेलं तरी चालेल, गढूळ जाता कामा नये.

बोअरभोवतीच खड्डा खणून केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाइपला, भोकं पाडायची पद्धत इथे सर्रास दिसते. मला ती पटत नाही. खड्ड्यात रस्त्याचं पाणी शिरतं, आणि फिल्टर धुवायचा तर सगळं उपसावं लागतं. आम्ही फिल्टर वेगळा ठेवून पाइप केसिंगच्या बाजूने आत घेतला. पाण्याबरोबर हवाही आत जाते, तिला बाहेर पडायला झाकणावर जाळी लावलेला छोटा पाइप ठेवला. तो नसेल तर पाणी गुडगुडत मागे येतं.

पार्किंगचं पाणी या लाइनला जोडू नका, त्यात ऑइल असतं. ड्रेनेजचे चेंबर जवळ असतील तर आधी त्यांची गळती तपासा.

मृगाआधी गच्ची झाडून कबुतरांची घाण काढावी. तरी पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यावंच लागतं: २ मिलिमीटर म्हणजे ८०० लिटर. ११० मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला साधारण नऊच लिटर मावतात, त्यामुळे ते पाइपमध्ये साठवायचा उपाय इथे पुरत नाही. प्रत्येक डाउनटेकच्या (गच्चीचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपच्या) तळाला गटाराकडे जाणारा व्हॉल्व्ह लावला आहे. तो उन्हाळाभर उघडा असतो. पहिली मोठी सर झाली की वॉचमन बंद करतो. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली तर पुन्हा उघडायचा.

वाळूवर पाणी तुंबू लागलं की वरचा पाच सेंटिमीटरचा थर खरवडून, धुऊन परत पसरायचा. बोअरचं पाणी आम्ही बागेला आणि फ्लशलाच वापरतो.