बोटीच्या केबिनमधली थरथर: मुंबई–गोवा–कोची–मुंबई

आईला पुन्हा एकदा बोटीने गोव्याकडे जायचं होतं. तिचं लहानपण रत्नागिरीजवळचं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोट, डेकवर सतरंजी टाकून झोप आणि बंदर आलं की भर समुद्रात पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरणं, हे सगळं तिला अजून लख्ख आठवतं. आता ती त्र्याहत्तर वर्षांची आहे. म्हणून नोव्हेंबरमध्ये मी पाच रात्रींची क्रूझ घेतली, मुंबईहून गोवा, कोची आणि परत मुंबई. पावसाळा सरून महिना-दीड महिना झालेला असतो, पश्चिम किनाऱ्यावर समुद्र शांत असतो, आणि तसाच तो मिळालाही. बोट कोणाला लागली नाही. जेवण, करमणूक, कर्मचाऱ्यांची वागणूक, सगळं उत्तम. त्रास झाला तो फक्त झोपेचा, आणि तो टाळता आला असता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चूक बुकिंगच्या वेळी झाली. केबिनचा नंबर आपण न निवडता कंपनीवर सोडला तर भाडं स्वस्त पडतं. मी तेच केलं. बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवर चेक-इन झालं तेव्हा हातात पडली ती पाचव्या डेकवरची, अगदी मागच्या टोकाची केबिन. खिडकी मोठी, पलंग ऐसपैस. दोघीही खूश होतो.

संध्याकाळी पाचला बोट सुटली. रात्री पावणेबाराला मी जागी झाले ती एका किणकिणण्याने. आई घरून तिचं स्टीलचं फुलपात्र घेऊन आली होती, तांब्यावर उपडं घालायचं. ते टेबलावर एकसारखं वाजत होतं. मी ते उचलून हातात धरलं तर आत उरलेल्या घोटभर पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. फुलपात्राखाली रुमाल घातला, किणकिण थांबली, आणि मग बाकीचं ऐकू यायला लागलं. कपाटातले हँगर, बाथरूमच्या दाराची कडी, छताच्या पट्ट्यांची कुरकुर, आणि या सगळ्याच्या तळाशी एक जाड घरघर, जी कानापेक्षा उशीतून जास्त जाणवत होती. आई जागीच होती. म्हणाली, "अगं, दाढ ठणकावी तसं होतंय सगळ्या अंगात."

सकाळी रिसेप्शनवर गेले. बोट भरलेली होती, गोव्याला कोणी उतरणार नव्हतं, केबिन बदलून मिळेना. पण त्यांनी देखभालीचा माणूस पाठवला, आणि हा माणूस मोठ्या उपयोगाचा निघाला. त्याने आधी मला दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. खडखड आणि कुरकुर एक, थरथर दुसरी. केबिन म्हणजे पत्र्याचे तयार तक्ते जोडून बनवलेली खोली. मोठं जहाज लाटांवर किंचित वाकतं, सरळ होतं, तेव्हा हे तक्ते एकमेकांवर घासतात आणि कुरकुरतात. जिथून आवाज येतो तिथे तळहाताने दाबायचं. आवाज थांबला की ती फट सापडली. त्याने छताच्या दोन फटींत पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या, कडीला फेल्टचा तुकडा लावला. दहा मिनिटांत निम्मा आवाज गेला. हे तुम्हीही करू शकता. जुनी लग्नपत्रिका किंवा औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बॅगेत टाका. हँगर सगळे काढून गादीवर किंवा बॅगेत ठेवा, ड्रॉवरमध्ये टॉवेल कोंबा. बाल्कनीची केबिन असेल आणि वारा शीळ घालत असेल तर दाराचा दांडा पूर्ण वळलेला नाही, एवढंच बहुतेक वेळा कारण असतं.

थरथर मात्र पुठ्ठ्याने जात नाही. ती पंख्यातून येते. बोटीच्या मागे पाण्याखाली दोन मोठे पंखे. एकेका पंख्याला समजा चार पाती आहेत आणि तो मिनिटाला १२० फेरे घेतो, तर सेकंदाला आठ वेळा एक पातं बोटीच्या तळाजवळून जातं, आणि दर वेळी पाण्याचा एक दणका तळाला बसतो. त्यात वेग वाढला की पात्यांवर वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. पाणी उकळायला ठेवल्यावर भांडं गुणगुणतं, तशातलाच हा प्रकार, पण कित्येक पटींनी मोठा. आमची केबिन नेमकी त्या पंख्यांच्या वर होती.

हा त्रास बोटींइतकाच जुना आहे. १९३५ साली फ्रान्सची 'नॉर्मंडी' ही त्या काळातली सर्वात आलिशान प्रवासी बोट पहिल्या फेरीला निघाली, आणि मागच्या भागात इतकी थरथरली की पुढच्या हिवाळ्यात तिचे तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसवावे लागले. अलीकडच्या बऱ्याच बोटींवर पंखा आणि त्याची विजेची मोटर एका गोल फिरणाऱ्या शेंगेत, म्हणजे पॉडमध्ये बोटीच्या बाहेर टांगलेली असते. क्रूझवर ही पद्धत १९९८ मध्ये 'एलेशन' या बोटीपासून आली. पुढे तोंड केलेल्या पॉडच्या पंख्याला न ढवळलेलं पाणी मिळतं, म्हणून तो शांत चालतो. बुकिंग करताना बोट कोणत्या साली बांधली आणि तिला पॉड आहेत का, एवढं नेटवर सहज सापडतं. आमची बोट जुनी, लांब दांड्यावर पंखे बसवलेली होती.

आता एक गंमत. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री थरथर जवळजवळ नाहीशी झाली. आईला वाटलं, बोट दुरुस्त केली. मलाही क्षणभर वाटलं. खरं कारण वेळापत्रकात होतं. मुंबई ते गोवा सुमारे २२५ सागरी मैल, संध्याकाळी पाच ते सकाळी दहा, म्हणजे १७ तास. ताशी १३ मैल, बोटीच्या भाषेत १३ नॉट. गोवा ते कोची सुमारे ३५० मैल, आणि वेळ प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून चौथ्या दिवशी सकाळी सातपर्यंत, ३५ तास. म्हणजे १० नॉट, बोट नुसती रमतगमत चालली होती. आणि कोची ते मुंबई सुमारे ५७५ मैल ३७ तासांत, म्हणजे साडेपंधरा नॉट. वेग दीडपट झाला की पंख्याला लागणारी ताकद तिपटीहून जास्त वाढते. त्यामुळे सगळ्यात वाईट रात्री अजून पुढे होत्या. हा हिशोब मी तिसऱ्या दिवशी डेकवर बसून एका पावतीच्या मागे केला आणि उठून थेट रिसेप्शनला गेले.

तुम्ही हा हिशोब घरी बसून, पैसे भरण्याआधी करा. दोन बंदरांमधलं सागरी अंतर भागिले तास. बारा नॉटच्या आत असेल तर मागची केबिनही चालून जाईल. पंधराच्या वर जाणाऱ्या रात्री जास्त असतील तर मधली केबिन घ्या, त्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

कोचीला काही प्रवासी उतरणार होते. हे मला विचारल्यावरच कळलं, आपणहून कोणी सांगत नाही. म्हणून पहिल्याच सकाळी तक्रार नोंदवून ठेवावी, तीही नेमकी. 'खूप आवाज येतो' असं सांगितलं तर कोणी काही करू शकत नाही. 'रात्री पावणेबारा ते चार, बाथरूमकडची भिंत, पलंगाचं डोकं' असं लिहून द्यावं, सोबत वृद्ध माणूस आहे हे सांगावं, आणि पुढच्या कोणत्या बंदरात केबिन रिकाम्या होणार ते विचारावं. फोनवरच्या डेसिबलच्या अ‍ॅपवर विसंबू नका. ही अ‍ॅप्स बहुधा माणसाच्या कानाच्या हिशोबाने मोजतात, खालच्या पट्टीतली घरघर फार कमी धरतात. आकडा सौम्य दिसतो आणि तुमचीच बाजू लंगडी पडते. कायद्याचा आधारही फारसा नाही. जहाजांवरच्या आवाजाचे आंतरराष्ट्रीय नियम जुलै २०१४ पासून नव्या जहाजांना सक्तीचे झाले. मोठ्या जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या केबिनसाठी ५५ डेसिबलची मर्यादा त्यात आहे, पण प्रवाशांच्या केबिन त्या नियमांच्या कक्षेतच येत नाहीत. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे. तेव्हा सगळी भिस्त नम्र पण चिकाटीच्या बोलण्यावर.

कोचीत दुपारी आम्हाला सातव्या डेकवर, बोटीच्या बरोबर मधली केबिन मिळाली. आतली, खिडकी नसलेली. आईने एकदाही खिडकीची आठवण काढली नाही.

त्या रात्री बोट जोरात पळायला लागल्यावर मी मुद्दाम पाचव्या डेकवर उतरले आणि मधल्या जिन्यापासून मागे चालत गेले, बाजूच्या लाकडी कठड्यावर तळहात टेकवून. सुरुवातीला काही नाही. मागच्या लिफ्टच्या थोडं अलीकडे बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. लिफ्ट ओलांडली आणि दहा-बारा दारांतच कठडा हाताखाली स्पष्ट थरथरायला लागला. शेवटच्या तीन-चार दारांपाशी भिंतीवरच्या चित्राची चौकट वाजत होती. म्हणजे मधल्या केबिनसाठी अगदी नेमका मध्य गाठायलाच हवा असं नाही. मागच्या लिफ्टच्या पुढे राहिलात तरी पुष्कळ फरक पडतो.

पुढच्या टोकाला पंख्यांचा त्रास नसतो, पण तिथलं दुखणं निराळं. नाळेजवळ पाण्याखाली आडव्या बोगद्यात छोटे पंखे असतात, त्यांना थ्रस्टर म्हणतात. बोट धक्क्याला लावताना आणि सोडवताना ते चालतात. खालच्या डेकवर पुढे झोपलेल्याला ट्रक अंगावर आल्यासारखं वाटतं, असं शेजारच्या टेबलावरच्या नाशिकच्या काकूंनी सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांचाच प्रकार, पण बोट पहाटे बंदरात शिरत असेल तर ती वीस मिनिटं पहाटेची असतात. जिथे धक्का नाही आणि बोट नांगर टाकून उभी राहते, तिथे नांगराची साखळीही त्याच भागात गडगडते. धक्क्याला लागताना मागचे पंखेही उलटे फिरतात. गोव्यात मुरगाव बंदरात शिरताना आमच्या मागच्या केबिनमध्ये दात वाजावेत असे हादरे आले होते. ते नेहमीचं आहे, घाबरू नका.

उरलेला आवाज माणसांचा, आणि तो डेकच्या नकाशावर आधी दिसतो. आपल्या केबिनच्या वर काय आणि खाली काय हे दोन्ही नकाशे एकावर एक धरून पाहा. वर-खाली केबिनच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्या जातात, स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या, खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत ढोल. नकाशावर कोरी पांढरी जागा दिसली तर तिथे काहीतरी कर्मचाऱ्यांच्या कामाचं आहे असं समजा. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं आतलं दार असलेली केबिन टाळा, त्या दारातून पलीकडचं कुजबुजणंही ऐकू येतं.

मागचीच केबिन पदरी पडली तर? आम्हाला दोन गोष्टींनी फरक पडला. पलंगाचं डोकं भिंतीला खिळलेलं असतं, आणि थरथर तिथून उशीत उतरते. आम्ही पायांच्या बाजूला डोकं करून झोपलो. आणि जादा ब्लँकेट मागून, चार घड्या करून, गादीखाली छाती-डोक्याच्या भागात घातली. मागितलं की जाड गादीचा थरही देतात. कानात घालायचे फोमचे बोळे खुर्च्या आणि गाण्यांसाठी चांगले, घरघरीला त्यांचा उपयोग कमी, कारण ती हाडांतून येते. आणि दोघांनी एकाच वेळी बोळे घालू नयेत. सात छोटे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण एकाने तरी ऐकायला हवी. आईला कमी ऐकू येतं, म्हणून मी रात्री कान मोकळे ठेवले.

शेवटच्या रात्रीचं एक लक्षात ठेवा. मोठ्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या गोळा करण्याचं काम मध्यरात्रीनंतरही चालतं. चाकं कॉरिडॉरभर घरंगळत असतात. त्या रात्री बोळे वापरा, किंवा दुपारी झोपून घ्या. आम्ही दुपारी झोपलो.

मुंबईत शिरताना सहाच्या सुमाराला थ्रस्टर सुरू झाले असणार. मधल्या केबिनमध्ये फक्त एक लांबची घूं ऐकू आली. टेबलावर फुलपात्र तांब्यावर उपडं होतं, रुमाल न घालता. ते वाजलं नाही. आईला हलवून उठवावं लागलं.