अप्पांच्या वहीतले ८८ दिवस

शनिवार, १० जानेवारी, रात्री

आज कारखान्यात पगाराचा दिवस होता. आमचे आठ माग, दोन पाळ्यांचे कामगार, शिवाय कांड्या भरणाऱ्या आणि टॉवेल शिवणाऱ्या बायका. अप्पांनी सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि घरी आल्यावर आईला हळूच म्हणाले, "सोमवारी सूतवाल्याला काय सांगायचं, बघू."

मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेय. माल पडून नाही, ऑर्डरी आहेत, वर्षाच्या शेवटी सीए नफाही दाखवतात. मग शनिवारी हात रिकामा का होतो? बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत मला याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं, आणि मीही कधी नीट विचारलं नव्हतं.

गुरुवारी सरांनी ऑपरेटिंग सायकल शिकवली. हातातली रोकड सुतात जाते, सुताचा माल होतो, माल उधारीवर जातो, उधारी वसूल होऊन पुन्हा रोकड हातात येते. या फेऱ्याला किती दिवस लागतात, ते मोजायचं. आमच्या गणितांत नेहमी एखादी एक्सवायझेड लिमिटेड असते आणि सगळे आकडे प्रश्नातच दिलेले असतात. मी आज जेवणं झाल्यावर अप्पांची वही मागून घेतली.

रविवार, ११ जानेवारी

काल रात्री एक वाजला. अर्ध्या तासात कळलं की आकडे शोधणं हेच खरं काम आहे. पुस्तकात 'अर्धा तयार माल' अशी एक ओळ असते. आमच्याकडे सूत आधी रंगणीला जातं, तिथून आल्यावर बिमं, म्हणजे धागा गुंडाळायचे मोठे रूळ, भरायची. टेरी टॉवेलला ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, दोन बिमं लागतात, एक ताठ आणि एक सैल. सैल बिमाच्या धाग्यानेच टॉवेलवरचे ते मऊ लूप उभे राहतात. मग माग, मग कापणी, शिलाई, गठ्ठे. अप्पांना दिवस विचारले तर ते म्हणाले, "रंगणीवाल्याकडं गर्दी असली की चार दिवस जास्त धर." असा आकडा ताळ्यात कुठे बसवायचा, ते मला अजून येत नाही. सरासरी धरली.

सूत १८ दिवस. रंगणीपासून शिलाईपर्यंत ११. तयार माल २३. व्यापाऱ्यांकडची उधारी ८८. बेरीज १४०. सूतवाला आपल्याला ३० दिवस थांबतो, ते वजा केले की ११० दिवस उरले.

रोजचा खर्च साधारण १२ हजार रुपये. म्हणजे १३ लाख २० हजार रुपये कायम या फेऱ्यात फिरत असतात, घरात कधीच दिसत नाहीत. बँकेची सीसी, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज, ११ टक्क्यांनी आहे. वर्षाचं व्याज १ लाख ४५ हजारांच्या वर. मी तो आकडा दोनदा तपासला.

सूतवाला दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सोडतो, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. अप्पा कायम तीस दिवस घेतात. वीस दिवस जास्त मिळावेत म्हणून ९८ रुपयांवर २ रुपये द्यायचे. वर्षाचा हिशोब केला तर ३७ टक्क्यांच्या वर जातो. सीसीतून काढून दहाव्या दिवशी पैसे दिले तर केवढा फायदा! मी धावतच सांगायला गेले.

अप्पांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण सीसीची लिमिट भरलीय की."

आणि ती का भरलीय, तर त्या ८८ दिवसांमुळे. मग मला सगळी साखळी एकदम दिसली. खरी गाठ उधारीत आहे. ती ८८ वरून ४५ दिवसांवर आली तर ५ लाख १६ हजार मोकळे होतील आणि सूतवाल्याची सूटही पदरात पडेल.

४५ हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात तो आहे. करार असला तरी लहान उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) कलम आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं.

हे मी खूप उत्साहाने सांगितलं. अप्पा म्हणाले, "त्या वर्षी एका पार्टीनं फोन करून विचारलं होतं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन हाय का? हाय म्हणालो. तर म्हणाले, मग बघतो. नंतर ऑर्डरच आली नाही."

उद्यम म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ती असली की हा कायदा खरेदीदाराला लागतो. मला याचा फार राग आला. कायदा आमच्या बाजूने आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ऑर्डर दुसऱ्या कारखान्यात गेली. वर्गात आम्ही 'कठोर उधारी धोरण, विक्रीत घट' असा तक्ता मांडतो, त्यातली घट म्हणजे हीच. तक्त्यात ती मी कितीदा मांडली, पण ती एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाहिली.

सोमवार, १२ जानेवारी, सकाळी

सोलापूरच्या गड्डा यात्रेतला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेतला, अक्षता सोहळा उद्या-परवावर आलाय, त्यामुळे पाहुण्यांची गडबड आहे. तरी काल संध्याकाळी बसून वहीत प्रत्येक पार्टीपुढे एक रकाना आखला, 'किती दिवसांनी आले'. वर्षभराच्या नोंदी भरल्या. सगळे सारखे नाहीत! दोन पार्ट्या चाळीस दिवसांच्या आत देतात, आणि एक जण, आमचा सगळ्यात जुना, ११२ दिवस घेतो. सरासरीत तो झाकला गेला होता. सगळ्यांना एकच नियम लावायची गरजच नाही, एकाशीच बोलायचंय.

आत्ता चहा घेताना अप्पांनी वही उघडली. बराच वेळ त्या रकान्यावर बोट फिरवत होते.

"त्याचे किती म्हणालीस पोरी?"

"एकशे बारा."

त्यांनी फोन लावला. आधी तब्येत विचारली, गड्ड्याला येणार का विचारलं, मुलीच्या लग्नाचं विचारलं. मग थोडं थांबून म्हणाले, "एक बोलायचं होतं, शेठ." मी कॉलेजची बॅग भरायची थांबवून दारातच उभी राहिले.