डुकराचं पोट आणि हॉटेलचं खरकटं

कोल्हापुरात चार-पाच डुकरं पाळायची म्हटलं की पहिला हिशेब खरकट्याचा होतो. खानावळी भरपूर, बॅरलभर उष्टं फुकटात मिळतं, आणि डुक्कर काय, काहीही खातं. खातं खरं, पण सगळं पचवत नाही. म्हशीसारखे पोटाचे चार कप्पे त्याला नाहीत. एकच जठर, जवळपास आपल्यासारखं.

खरकट्यातला पहिला धोका मिठाचा. रस्सा, मिसळीचा कट, लोणच्याचा खार सगळं त्याच बॅरलमध्ये येतं. पाणी भरपूर असेल तर जास्तीचं मीठ लघवीवाटे निघून जातं. घात होतो तो टाकी कोरडी पडल्यावर. शेतातली वीज रात्रपाळीची, सकाळी मोटर चालू होत नाही, पाणी प्यायच्या निपलमध्ये (तोटीत) कचरा अडकलेला, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मग डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीवर आदळतं, गोल फिरतं, मागे सरकत बसकण मारतं, झटके येतात. अशा वेळी लोक घाबरून बादलीभर पाणी पुढं ठेवतात, आणि तेच जिवावर बेततं. मिठानं सुकलेला मेंदू एकदम पाणी ओढून सुजतो. थोडं थोडं पाणी, तासातासानं, आणि लगेच पशुवैद्यक. 30-40 किलोच्या डुकराला दिवसाला 4-5 लिटर, पिल्लं पाजणाऱ्या मादीला 20 लिटरच्या वर पाणी लागतं. रोज सकाळी प्रत्येक निपल अंगठ्यानं दाबून बघायचा. अर्धा मिनिट जातो.

दुसरा धोका आफ्रिकन स्वाईन फिवरचा, म्हणजे डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाचा. 2020 मध्ये तो भारतात पहिल्यांदा आसाम-अरुणाचलात सापडला. डुकराच्या मांसाचा तुकडा खरकट्यातून आला तरी रोग आत येतो, त्यामुळे मटण-मांस असलेलं उष्टं न घेणंच शहाणपणाचं. बाकीचं घ्यायचंच तर हाडं, प्लास्टिक, टूथपिक वेचून काढून, मधूनमधून ढवळत तासभर चांगलं उकळायचं. वर फेस आला की उकळलं, असं नसतं. बॅरलच्या मधला गाळ गरम व्हायला वेळ लागतो.

शेजारी गोठा असेल तर सरकी पेंड हाताशी असते, आणि म्हशीची मूठभर पेंड डुकरांकडे जाते. ती देऊ नका. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विष म्हशीच्या पोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं, डुकरात नाही. काही आठवडे डुक्कर ठणठणीत दिसतं, मग धाप लागते, आणि एक दिवस अचानक मरतं. हृदय खराब झालेलं असतं. घरचं सोयाबीन कच्चं घालण्याचा मोहही असाच. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. नीट भाजलं तरच उपयोग. नाहीतर सरळ सोयाबीन पेंड.

20 ते 50 किलोच्या वाढत्या डुकरासाठी 100 किलो खाद्य असं बसतं: मक्याचा भरडा 55 किलो, सोयाबीन पेंड 18, गव्हाचा भुसा (कोंडा) साडेचोवीस, खनिज मिश्रण 2, मीठ अर्धा किलो. यात 16-17 टक्के प्रथिनं येतात. 30 किलोच्या डुकराला दिवसाला साधारण सव्वा किलो, 50 किलोच्याला दोन किलो, दोन वेळांत विभागून. खरकटं जास्त असेल तर या मिश्रणातलं मीठ काढून टाकायचं. मका पिठासारखा बारीक दळू नका. बारीक दळणानं जठरात व्रण पडतात. डुक्कर पांढरं पडतं आणि विष्ठा डांबरासारखी काळी होते. उसाचं वाढं चघळायला चालेल, त्यावर वजन येणार नाही.

पिल्लांची हगवण बहुतेक वेळा आईपासून तोडल्याच्या आठवड्यातच लागते. दूध बंद, खाद्य नवं, गोठा नवा, तिन्ही एकदम, आणि आतड्यातले ई-कोलाय जंतू बळावतात. तोडताना आईला हलवायचं, पिल्लांना नाही. खाद्य 15 दिवस आधीपासून चाटायला ठेवायचं आणि तोडल्यावर आठवडाभर तेच, थोडं थोडं, चार-पाच वेळा. हगवण लागलीच तर खाद्य निम्मं करा आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून प्यायला द्या. साधं पाणीही शेजारी हवंच. रक्त पडलं, ताप आला किंवा दुसऱ्या दिवशी पिल्लू उठेना, तर घरगुती उपाय थांबवा. दोन-चार दिवसांच्या पिल्लांना हगवण लागली तर मात्र चोवीस तासही थांबू नका, तिथे लगेच डॉक्टर. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पिल्लांचं लोहाचं इंजेक्शन चुकवू नका. सिमेंटच्या जमिनीवर त्यांना माती चाटायला मिळत नाही.

मादी विण्याच्या आठवड्यात भुशाचं प्रमाण वाढवा, बद्धकोष्ठ झाला तर विणं अडतं आणि दूध उतरत नाही. जंतांचं औषध पिल्लं आईपासून तोडताना आणि पुढं पशुवैद्यक सांगतील तसं.

पावसाळ्यात मक्याची पोती भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळ्या घाला. बुरशीच्या विषानं माद्यांचं बाह्य जननेंद्रिय सुजतं, गुदाशय बाहेर येतो. बुरशी उन्हात वाळवून झटकली तरी विष दाण्यात राहतं. असा मका कोंबड्यांनाही घालू नये.