कॅराव्हेलमध्ये काय ठेवायचं

शनिवार, रात्री

मागच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, पेचकस टेकवला आणि तो लोण्यात जावा तसा आत गेला. आमची १९६७ ची एअरस्ट्रीम कॅराव्हेल, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, १७ फुटी. हिची प्लायवुडची जमीन ॲल्युमिनियमच्या कवचाखाली चेपलेली असते, त्यामुळे सांध्यांतून झिरपलेलं पाणी थेट तिच्या कडेला जाऊन मुरतं. म्हणजे जमीन बदलायची, यात ठरवण्यासारखं काही नाही. जुना युनिव्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डबाही जाणार. तो बॅटरीला अति चार्ज करून तिच्यातलं पाणी आटवतो. गॅसच्या नळ्याही नव्या घालायच्या. जिथे झोपायचं तिथे हयगय नको.

अडतंय ते बाकीच्यात. नवऱ्याला ग्रॅनाइटचा ओटा हवाय, पुण्याच्या घरी होता तसा. त्याची हौस मला कळते. पण हिचा ॲक्सल म्हणजे पोलादी नळीत दाबून बसवलेल्या रबराच्या कांड्या, स्प्रिंगा नाहीतच. इतक्या वर्षांत ते रबर कडक झालंय; चाकाचा दांडा खाली झुकलेला हवा, तो आडवा झालाय. नवा ॲक्सल वजन सांगून बनवून घ्यावा लागतो. क्षमता कमी पडली तर गाडी बसते, फार जास्त घेतली तर रस्त्याचे दणके कवचापर्यंत पोचतात आणि रिव्हेट सैल होतात. म्हणून ओटा, टाकी, गाद्या, सगळं आधी ठरायला हवं. संध्याकाळी वजनं मांडून बसलो तेव्हा ग्रॅनाइट त्यानेच खोडला. लाकडी ओटा करू. पोळ्यांना पोळपाट आहेच.

कपाटांना मात्र मी हात लावू देणार नाही. सगळे सांगतात, पांढरा रंग द्या, जागा मोठी दिसेल. दिसेलही. पण वरचं विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पापुद्रा, कागदासारखं पातळ. उद्या रंग नकोसा झाला तर तो खरवडताना लाकूडही जाईल. गादीचं कापड कधीही बदलता येतं, हे नाही. भिंतींवरचा ठिपक्याठिपक्यांचा झोलाटोन रंगही धुऊन ठेवायचा.

न्हाणीघर काढून तिथे सामानाची जागा करावी असं त्याचं म्हणणं आहे. मला पटत नाही. उन्हाळ्यात सासूबाई येणार आहेत, त्यांना रात्री अंधारात कॅम्पच्या संडासापर्यंत चालत न्यायचं का? उद्या त्याला हेच विचारते. तोवर ॲक्सलची ऑर्डर द्यायची नाही.