आमची वाटचाल : ऑइल इंजिनापासून हेलिकॉप्टरपर्यंत

शिरपुरात करवंद नाक्याजवळ अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गॅरेज टाकलं ते ऑइल इंजिनांच्या भरवशावर. विहिरीवर 5 हॉर्सपॉवरचं इंजिन, पट्टा आणि पंप, यावर बागायत चालायची. पण सातपुड्याकडून गार वारा सुटला की पहाटे इंजिनं उठायची नाहीत. कोणी डिकॉम्प्रेशन लिव्हर धरून हँडल मारमारून घामाघूम व्हायचं, कोणी हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचं. अण्णा गिऱ्हाइकाला एकच सांगायचे, "इंजिन आज रातभर इथंच राहू द्या भाऊ." गरम इंजिन आपला दोष लपवतं. सकाळी ते थंडगार असताना पहिलं हँडल अण्णा स्वतः मारायचे, नोझलचा आवाज ऐकायचे, कॉम्प्रेशन हातानं जोखायचे. आमच्या सगळ्या कामाचा पाया तोच.

पुढे घरोघरी सबमर्सिबल आल्या आणि इंजिनांची कामं आटली. मी पेट्रोलकडे वळलो : जनरेटर, फवारणीचे पंप, पॉवर वीडर. टू-स्ट्रोकमध्ये हात बसला आणि त्याच जोरावर आजवरचं सर्वांत अवघड काम आमच्या दारात आलं.

तालुक्यातल्याच एका तरुण इंजिनिअरनं शेडमध्ये एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. इंजिन रोटॅक्स 582 : टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, साधारण 65 हॉर्सपॉवरचं. उडवायचं तर डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी हवी, त्यामुळे काम जमिनीवरच्या चाचण्यांपुरतंच होतं. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत : "दादा, थंडीमा लई थरथरस, तपनं का मंग एकदम सरळ."

माझी पहिली अट होती, पाती उतरवायची आणि रोटरकडे जाणारा पट्टा सैल ठेवायचा. 2021 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत पातं लागून एका तरुणाचा जीव गेला. ती बातमी मी विसरलेलो नाही. ही अट मान्य नसेल तर कितीही पैसे मिळोत, आम्ही पान्याला हात लावत नाही.

मशीन रात्रभर उघड्यावर ठेवलं. पहाटे सुरू करताच एकाच सिलिंडरवर अडखळत चालल्यासारखं वाटलं, फ्रेम हादरायला लागली. लगेच बंद करून प्लग काढले. या इंजिनात एका सिलिंडरला दोन, असे एकूण चार प्लग. एका बाजूचे ओले, दुसऱ्या बाजूचे कोरडे ठणठणीत. ठिणगी चारही ठिकाणी निळी, कॉम्प्रेशन सारखं. म्हणजे दोष पेट्रोलच्या वाटेवर.

या इंजिनावर हवेत पेट्रोल मिसळणारे बिंग कंपनीचे दोन कार्बोरेटर असतात. त्यांच्या लिव्हरला सगळे चोक म्हणतात, पण आत हवा अडवणारी झडप नसते. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी एक वेगळी वाट असते आणि ती इंजिनाच्या ओढीवर चालते. थ्रॉटलची स्लाइड, म्हणजे कार्बोरेटरची वाट कमी-जास्त उघडणारी सरकती झडप, पूर्ण खाली असेल तरच ती ओढ मिळते. स्लाइड जरा जरी उचललेली असेल, तर लिव्हर कितीही ओढा, उपयोग नाही. हेलिकॉप्टरमध्ये थ्रॉटल कलेक्टिव्हच्या, म्हणजे रोटरच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या, दांड्याशी जोडलेला होता. एअर फिल्टर काढून आरसा आणि टॉर्च धरला, तेव्हा दिसलं की दांडा पूर्ण खाली असूनही एका कार्बोरेटरची स्लाइड तारेच्या ताणानं वरच राहते आहे. इंजिन निर्दोष होतं, जोडणी चुकत होती. हेलिकॉप्टरला जोडलेलं नसताना, टेस्ट स्टँडवर हेच इंजिन बिनतक्रार सुरू व्हायचं, त्याचा उलगडा तिथं झाला.

जोडदांडी अशी बसवली की कलेक्टिव्ह खाली आणि थ्रॉटलची मूठ बंद असताना दोन्ही स्लाइड मंद वेग ठरवणाऱ्या आयडल स्क्रूवर टेकतील आणि तारेत थोडी ढील राहील. चोकच्या दोन्ही तारा सारख्या केल्या, मग कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले. टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. पेट्रोलात मिसळलेलं इथेनॉल थंडीत लवकर वाफाळत नाही आणि हवेतली ओल धरून ठेवतं. ते सगळं उपसून ताजं भरलं, 50 ला 1 ऑइल मिसळून.

दुसऱ्या पहाटे त्या इंजिनिअरलाच बसवलं. थ्रॉटलला हात न लावता लिव्हर ओढून स्टार्टर दाबला आणि दोन्ही सिलिंडर एकदम बोलले. त्याला लगेच रेस द्यायची होती, मी मनगट धरलं. पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर मागं राहतो. थंडीत घाई केली तर इंजिन जाम होतं. आधी 2 मिनिटं 2000 आरपीएम, मग पाणी 60 अंशांपर्यंत तापेतो 2500. काट्याकडे बघत उभं राहायचं, हे अण्णांनी मला शिकवलं, मी त्याला.

त्यानंतर पॅरामोटरवाल्यांचीही, म्हणजे पाठीवर इंजिन बांधून पॅराशूटसारख्या पंखानं उडणाऱ्यांची, इंजिनं येऊ लागली. उडण्यायोग्य असल्याचा कागद आम्ही देत नाही, तो आमचा अधिकार नाही. थंडीत इंजिन नीट सुरू न होण्याच्या तक्रारींची कामं दिवाळीनंतर घेतो. मशीन आदल्या संध्याकाळी आणून सोडा आणि टाकीतलं पेट्रोल बदलू नका, आहे तसंच राहू द्या. तपासणी तिथूनच सुरू होते.